रब्बी कधी येणार? (रब्बी व्हायचंय अशा मुलींसाठी)

रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, कसं व्हायचं हे दोन-तीन मुलींनी विचारलं म्हणून लिहितेय. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, मूळचे आम्ही अलिबागकडचे. आमच्यात रब्बी कधी नव्हतेच, सगळं हझान, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणारे, बघायचे, त्यामुळे रब्बी व्हायला लंडनच्या लिओ बेक कॉलेजला निघाले तेव्हा घरचा पहिला प्रश्न होता, म्हणजे तू नक्की करणार काय? बाई असण्याचा विषय नंतर निघाला, तो निघाल्यावर मात्र बरेच महिने संपला नाही. मग मी त्यांना आमच्याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांची आठवण करून दिली, १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी ज्यू संस्था उभी करण्यात त्यांचाच पुढाकार होता ना, मग?

इथे यायच्या आधी रेगिना योनासबद्दल नक्की वाचा. बर्लिनच्या या बाईने १९३० मध्ये प्रबंधच लिहिला, बाईला रब्बी होता येतं का, आणि हलाखा म्हणजे आपल्या धर्मशास्त्राच्याच आधारे दाखवून दिलं की येतं. १९३५ च्या डिसेंबरात तिला रब्बीपद मिळालं. तेरेझिनच्या नाझी छावणीत ती नव्याने आणलेल्या लोकांना धीर द्यायची, १९४४ मध्ये आउशवित्झला तिला मारलं, आणि पुढे कित्येक वर्षं तिचं नाव कोणी घेतलं नाही. १९७२ ला अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाल्या तेव्हा लोक त्यांनाच जगातली पहिली म्हणत होते. मला याचा अजून राग येतो.

अभ्यास साधारण पाच वर्षांचा. हिब्रू आधीच पक्कं करून या, प्रार्थनेपुरतं वाचता येतं म्हणून निवांत राहू नका, कारण तलमूद या आपल्या धर्मचर्चेच्या ग्रंथात अरामी भाषा येते आणि तो जोडीने वाचतात, त्याला हेव्रुता म्हणतात, एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा अडवतो, पुन्हा पहिल्यापासून. मी सुरुवातीला पुटपुटायचे. माझी जोडीदार म्हणाली, इथे आवाज लपवलास तर उद्या दोनशे लोकांपुढे कुठून काढशील? तेव्हापासून रोज पहाटे खोलीत मोठ्याने वाचायला लागले, हे तुम्ही आजपासूनच करा. ऑर्थोडॉक्स घरातल्या असाल तर तिथे बायकांना रब्बी करणारे फारच थोडे, न्यूयॉर्कची येशिवात महारात ही संस्था त्यातली, त्यामुळे कुठे अर्ज करायचा ते आधी ठरवा.

पण खरी परीक्षा वर्गाबाहेर असते. ट्रेनिंगमध्ये एका हॉस्पिटलला जायचे. डोक्यावर किप्पा, म्हणजे आपली छोटी गोल टोपी, हातात प्रार्थनेचं पुस्तक, एका आजोबांशी दहा मिनिटं छान बोलले, आणि मग त्यांनी दाराकडे बघत विचारलं, रब्बी कधी येणार? म्हटलं, आजोबा, मीच आलेय. ते भिंतीकडे वळले. तेव्हा इतिहास सांगायचा मोह होतो, सांगू नका, आजारी माणसाशी वाद घालायला आपण गेलेलो नसतो. मी खुर्ची थोडी जवळ घेतली आणि विचारलं, प्रार्थना म्हणू का, तुमचं हिब्रू नाव काय? आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत त्याच्या नावापुढे आईचं नाव घेतात, वडिलांचं नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग भिंतीकडे तोंड तसंच ठेवून हळूच म्हणाले, मोशे बेन रिव्का. आणि मी सुरू केल्यावर रिव्का या नावाशी त्यांनी माझ्या आवाजात आवाज मिसळला.