फिका पडलेला ईआर स्टेन : माझा अनुभव
जुलैत फोंड्याच्या आमच्या लॅबमध्ये स्तनाच्या गाठीच्या स्लाइड्सवर ईआर स्टेन (पेशींतला इस्ट्रोजेन रिसेप्टर दाखवणारा रंग) फिका यायला लागला. कंट्रोल, म्हणजे स्टेन नीट झाला का हे पाहायचा ठरलेला नमुना, गडद तपकिरी; पेशंटच्या पेशींची केंद्रकं जेमतेम पिवळसर. याच रिपोर्टवर त्या बाईंचं हार्मोनचं औषध ठरतं, म्हणून जीव टांगणीला. कंट्रोल ताजा कापलेला होता. पेशंटचे सेक्शन, म्हणजे गाठीचे पातळ काप, कापून कित्येक आठवडे कपाटात. गोव्याचा पावसाळा, पुठ्ठ्यालाही बुरशी धरते! उघड्या सेक्शनमधलं अँटिजेन (स्टेन ज्याला पकडतो ते प्रथिन) हवेने, दमटपणाने झिजतं; ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यात, मेणाआड बरंच टिकतं. त्याच ब्लॉकमधून नवे सेक्शन कापले, केंद्रकं ठसठशीत उठली. आता स्लाइड्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, 4 अंशांवर, कापल्याची तारीख घालून. ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-2 (स्तनाच्या कर्करोगात तपासलं जाणारं आणखी एक प्रथिन) यांच्यासाठी 6 आठवड्यांपुढचा सेक्शन घेत नाही. डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर काचेवर दव धरतं.