धान चुरून झालं की नावेवर: पोरांसाठी तयारीची यादी

धानाची चुरणी आटोपली की माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला येतील आणि जानेवारीत आम्ही एका जुन्या, 32 फुटी शिडाच्या नावेनं गोव्याला जाऊ. तिघांनीही समुद्र अजून पाहिलेला नाही. आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, आमचं मोठं पाणी म्हणजे इटियाडोह धरण. पण नावेची बरीचशी तयारी गावातच होते, म्हणून पोरांनो, ही यादी तुमच्यासाठी.

पहिलं काम डोंग्यातलं. मच्छीमार सोसायटीच्या ढिवर काकांना विचारा, लाईफजॅकेट घाला आणि वारा सुटलेल्या दुपारी काठाजवळच डोंग्यात बसून वल्हं उचलून धरा. मागच्या टोकाला बसलात तर पुढचं टोक पाण्यातून वर येतं आणि वारा त्यालाच ढकलत नेतो. हातभर पुढं सरका, डोंगा वाऱ्याला आडवा होईल. आणखी सरका, तोंड हळूहळू वाऱ्याकडे वळेल. हे दहा वेळा करा. बंडी धुरजड झाली की बैलांच्या मानेवर ओझं येतं, उलार, म्हणजे मागं जड झाली की जू वर उचलतं आणि गळा काचतो, हे तुम्हाला सांगायला नको. ओझं नीट बसलेलं असेल तर बंडीवानाचा डोळा लागला तरी बैल बरोबर घरी येतात. नावेचंही तसंच आहे. शिडं आणि वजन बेताचं नसेल तर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, सारखा ओढून धरावा लागतो, आणि जी नाव तुमच्या हाताला जड लागते ती आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्रालाही जडच लागते. म्हणून आधी तोल, मग यंत्र.

याला मोठा दाखला आहे. 'सुहेली' ही 32 फुटी सागवानी नाव आपल्या मुंबईत बांधलेली. इंग्रज खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 ला इंग्लंडहून तिच्यातून एकटे निघाले आणि कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी मारून 22 एप्रिल 1969 ला परतले. ऑस्ट्रेलियाच्या आसपास त्यांचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र कायमचं मोडलं. पुढचा अर्धा प्रवास त्यांनी शिडं जुळवून आणि टिलर बांधून केला. आपल्या अभिलाष टॉमींनी 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीफेरी करायच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, तिथंही विजेवर चालणारा ऑटोपायलट वापरायला परवानगी नव्हती, वाऱ्यावर चालणारं विंडवेनच वापरायचं होतं.

आपल्या नावेवरही विंडवेन आहे. ते कसं चालतं ते आत्ताच डोक्यात पक्कं करा. मागच्या टोकाला प्लायवूडची एक उभी पाटी असते, तिची कड वाऱ्याकडे. नाव वाट सोडून वळली की वारा पाटीच्या अंगावर येतो आणि पाटी कलते. ती कलली की पाण्यात सोडलेलं लांब पातं थोडं फिरतं, धावत्या पाण्याचा जोर त्याला बाजूला फेकतो आणि त्या जोरावर दोर टिलर ओढतात. म्हणजे खरी ताकद पाण्याची, पाटी फक्त इशारा देते. मागून मंद वारा असला की पाटीला वाराच कमी लागतो, तेव्हा मोठी आणि हलकी पाटी हवी. नागपूरहून मरीन प्लाय आणलाय. आपल्या सुताराकडून जुन्या पाटीच्या मापाच्या दोन आणि एक मोठी कापून घ्या, कडांना दोनदा वॉर्निश लावा. मागच्या वर्षी मी कडा तशाच सोडल्या होत्या, आठ दिवसांत पाटी फुगून तिचे पदर सुटले.

टिलरचे दोर न ताणणारे हवेत. कासरा सैल असला तर बैल उशिरा वळतो. इथं दोन बोटं ढिलाई असली तरी नाव सापासारखी जाते.

आता सर्वांत महत्त्वाचं. विंडवेनला दिशा कळत नाही, फक्त वारा कळतो. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री वारा जमिनीवरून, ईशान्येकडून येतो आणि दुपारी समुद्रावरून, वायव्येकडून. आपण दक्षिणेला चाललोय. रात्री डाव्या खांद्यामागून घेतलेला वारा दुपारी फिरला की विंडवेन तोच कोन धरून नावेला पूर्वेला, सरळ किनाऱ्याकडे नेतं. माझ्या बाबतीत हे घडलंय. रत्नागिरीच्या अलीकडे जेवून आडवा झालो होतो. फळीपलीकडच्या पाण्याचा आवाज बदलला म्हणून वर आलो, तर समोर नारळाची झाडं मोजता येत होती. म्हणून पहाऱ्यावरच्यानं दर दहा मिनिटांनी होकायंत्र बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. ही सवय घरापासून लावा. अंगणात उभं राहून तासातासाला वाऱ्याची दिशा लिहा, महिनाभर.

विंडवेन बिघडलं तर पुढच्या छोट्या शिडाचा दोर कप्पीतून फिरवून टिलरला वाऱ्याच्या बाजूनं बांधायचा आणि उलट बाजूनं रबर. झोत आला, नाव वाऱ्याकडे वळू लागली की शिडाचा ताण वाढतो आणि टिलर ओढून तिला परत आणतो. ताण उतरला की रबर टिलर मागं घेतं. रबर म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. पंक्चरवाल्याकडून चार ट्यूब मागून आणा, लांबीत चिरा, गाठ सुटते का ते खुंट्याला बांधून ओढून बघा.

जुनी, लांब कीलची (कील म्हणजे नावेच्या तळाचा कणा) नाव सरळ छान धावते, पण वळायला वेळ घेते. वाऱ्यातून तोंड फिरवायच्या आधी तिला वेग द्या. मध्येच अडकली तर पुढचं शीड उलट्या बाजूला धरून ठेवा, तोंड ढकललं जाईल. बंदरात इंजिनवर मागं नेताना ती सुकाणूचं फारसं ऐकत नाही आणि इंजिन बंद केलं तरी कितीतरी वेळ पुढं जात राहते, म्हणून धक्क्याजवळ घाई नको. दमलात, घाबरलात तर पुढचं शीड उलटं भरा, टिलर वारा जातो त्या बाजूला बांधा. नाव जवळजवळ जागच्या जागी शांत होते, तेवढ्यात भात शिजतो.

पट्टा. अंधारात आणि एकट्याच्या पहाऱ्यावर कमरेचा पट्टा नावेच्या दोराला अडकवल्याशिवाय कुणीही वर यायचं नाही. आपोआप चालणारी नाव माणूस पडला म्हणून थांबत नाही. मुतायला उठलात तरी पट्टा. यावर माझ्याशी वाद घालू नका.

बाकी थोडक्यात. सूटकेस नको, मऊ पिशवी आणा. उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. डोक्याचा टॉर्च लाल उजेडाचा हवा. फासगाठ आणि बोलाईन (न आवळणाऱ्या फाशाची गाठ) डोळे मिटून बांधता यायला हवी. रात्री गोठ्यात दिवा बंद करून गाईच्या दाव्यावर सराव करा. ज्याला पंधरा सेकंदांत जमेल त्याला पहिला पहारा.