आउटकम सर्रास आढळत असेल तर लॉजिस्टिक लावण्याआधी थांबा

रिग्रेशन (एखाद्या गोष्टीचा परिणामाशी किती संबंध आहे हे मोजायची संख्याशास्त्रीय पद्धत) निवडताना आधी आउटकम, म्हणजे अभ्यासात मोजलेला परिणाम, पाहा. हिमोग्लोबिनचा आकडा असेल तर लिनियर, वर्षभरातल्या दवाखान्याच्या फेऱ्या मोजल्या असतील तर पॉयसन किंवा निगेटिव्ह बायनॉमियल, आजार उलटेपर्यंतचा काळ असेल तर कॉक्स. खरी गफलत होते ती हो-नाही आउटकममध्ये. बहुतेक जण डोळे झाकून लॉजिस्टिक लावतात आणि आलेला ऑड्स रेशो (आजार असलेले भागिले नसलेले, या आकड्याची दोन गटांतली तुलना) ‘इतक्या पट धोका’ म्हणून लिहून मोकळे होतात. दुर्मिळ आजारात ते खपून जातं. पण अ‍ॅनिमिया घ्या. एनएफएचएस-५ नुसार (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना तो होता. समजा एका गटात ६० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. प्रमाण दीडपट, ऑड्स रेशो मात्र (६०/४० भागिले ४०/६०) २.२५! वाचणारा डॉक्टर सव्वादोन पट समजणार, आणि हे मला फार गंभीर वाटतं. अशा वेळी रोबस्ट स्टँडर्ड एररसह (अंदाजातली अनिश्चितता नीट मोजणारी दुरुस्ती) पॉयसन चालवा. कोहॉर्टमध्ये (लोकांचा पुढे काही काळ पाठपुरावा करणारा अभ्यास) रिस्क रेशो, म्हणजे धोका किती पट, आणि सर्व्हेत प्रिव्हलन्स रेशो, म्हणजे आजाराचं प्रमाण किती पट, थेट मिळतो. रोबस्ट विसरलात तर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो अंदाज) उगाच रुंद येतील. केस-कंट्रोल अभ्यासात मात्र लॉजिस्टिकच, कारण रुग्ण किती आणि निरोगी किती घ्यायचे हे तिथे आपणच ठरवलेलं असतं, त्यामुळे धोक्याचं प्रमाण थेट काढता येत नाही.