गॅमा किरणांनी क्वार्ट्झ आणि काचेत पडणारे दोष कसे तपासावेत

इथे दोष म्हणजे अणुरचनेतली उणीव. ती तपासायला एकाच क्वार्ट्झ स्फटिकाच्या दोन पातळ, घासून चकचकीत केलेल्या चकत्या घ्याव्यात आणि त्यांपैकी एक मूळ अवस्थेत राखून ठेवावी, कारण तुलनेशिवाय पुढच्या मोजमापाला अर्थ राहत नाही. दुसरी परवानाधारक किरणन केंद्रातून कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणांखाली ठेवून आणावी. हे घरी करण्याचे काम नव्हे. या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) इतकीच असल्याने नमुना स्वतः किरणोत्सर्गी होत नाही; तो होईल, अशी भीती मात्र हटकून बोलून दाखवली जाते.

चकती धुरकट तपकिरी झाली, तर तो ॲल्युमिनियमचा प्रताप समजावा. सिलिकॉनच्या जागी बसलेल्या ॲल्युमिनियमशेजारच्या ऑक्सिजनवरून एक इलेक्ट्रॉन उडतो, जवळचा लिथियम किंवा सोडियम आयन दूर सरकतो आणि इलेक्ट्रॉनची ही उणीव दृश्य प्रकाश शोषू लागते.

शुद्ध सिलिका काच अशा किरणनानंतरही डोळ्यांना बहुधा स्वच्छच दिसते. म्हणून वर्णपटमापकात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या यंत्रात, २१५ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील शोषण पाहावे. तीन ऑक्सिजनना जोडलेल्या सिलिकॉनवर एकट्या उरलेल्या इलेक्ट्रॉनची, म्हणजे ई-प्राइम केंद्राची, ती खूण असते. खिडकीची साधी काच मात्र लवकर तपकिरी पडते, त्यामुळेच किरणोत्सर्गी कक्षांच्या काचेत सेरियम मिसळतात.

शेवटी धुरकट चकती भट्टीत अगदी सावकाश तापवावी, एरवी ती तडकते. साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सियसला रंग जातो. ॲल्युमिनियम जागच्या जागीच असल्याने पुन्हा किरणन केल्यास रंग परततो.