ट्रॅकबॉल अडतोय, घसरतोय, उलटा पळतोय: दोष नेमका कुठे?

ट्रॅकबॉल, म्हणजे तळहाताने फिरवायचा गोळा, बिघडला की बहुतेकांचा हात आधी मेमच्या, म्हणजे जुने आर्केड (नाणे टाकून खेळायच्या मशीनचे) खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगकडे जातो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे गोळा फिरवल्यावर खेळातली हालचाल किती व्हावी ते प्रमाण, वाढवली जाते, दोन दिवस बरे वाटते आणि मग तोच दोष दुप्पट होऊन समोर येतो. ट्रॅकबॉल ही आधी यांत्रिक वस्तू आहे, मग विजेची आणि शेवटी संगणकाची. दोषही त्याच क्रमाने शोधायचा: गोळा, रोलर, बेअरिंग; मग सेन्सर आणि वायरी; सगळ्यात शेवटी सेटिंग. घरगुती आर्केडवरच्या बहुतेक तक्रारी पहिल्या टप्प्यातच मिटतात, तेही एकही भाग न बदलता.

आतली रचना डोळ्यांसमोर असली की लक्षणांचा अर्थ लागतो. गोळा तीन ठिकाणी टेकलेला असतो. त्यातले दोन रोलर एकमेकांशी काटकोनात बसवलेले, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. त्यांच्या टोकाला खाचांची चकती असते. तिसरा रोलर नुसता आधाराचा. चकतीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला सेन्सर, आणि अशा दोन जोड्या थोड्या मागेपुढे लावलेल्या. चकती फिरताना दोन्ही सेन्सर एकाच वेळी चालू-बंद होत नाहीत. कोणता आधी बदलला यावरून दिशा कळते. म्हणून आर्केडच्या ट्रॅकबॉलला साधारण सहा वायरी दिसतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि प्रत्येक अक्षाचे दोन सिग्नल.

आधी एकच चाचणी

खेळ बंद करा, ट्रॅकबॉल साधा माउस म्हणून डेस्कटॉपवर वापरा आणि दुसरा माउस तेवढ्यापुरता काढून ठेवा. विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा, नाहीतर वेगाप्रमाणे कर्सरचे अंतर बदलेल आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. पॉइंटरचा वेगही कमी ठेवा. कर्सर पडद्याच्या कडेला आपटला तर मोजणी तिथेच फसते.

गोळ्याच्या माथ्यावर पुसता येणाऱ्या मार्करने एक ठिपका द्या. कर्सर एखाद्या आयकॉनच्या कोपऱ्यावर ठेवा. गोळा सावकाश पाव फेरा उजवीकडे न्या आणि त्याच वेगाने परत आणा. ठिपका माथ्यावर आला की कर्सरही त्या कोपऱ्यावर यायला हवा. आता हळू न्या आणि झटक्यात परत आणा. हेच वर-खाली करा.

हळू चालीत बरोबर आणि झटक्यात कमी पडत असेल, तर गोळा रोलरवर घसरतो आहे किंवा मोजणी सुटते आहे. खालून झाकण उघडून चकतीकडे बघत गोळा झटकन फिरवा: गोळा पुढे गेला आणि चकती मागे रेंगाळली तर घसरणच. दोन्ही चालीत एकाच अक्षावर गोंधळ असेल तर सेन्सर किंवा वायर. चाचणी स्वच्छ पार पडली आणि खेळातच त्रास होत असेल, तरच सेटिंगला हात लावा.

गोळा, रोलर, बेअरिंग

वरची कडी किंवा प्लेट सोडवून गोळा बाहेर काढा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडके, मग पूर्ण कोरडा. ॲसिटोन अजिबात नको, प्लास्टिकचा गोळा त्याने कायमचा पांढुरका पडतो. चमक यावी म्हणून फर्निचरचे पॉलिश मारण्याचा मोह टाळा. गोळ्याला रोलरशी पकड हवी असते आणि मेणाचा थर ती पकडच काढून घेतो. गोळा बदलायचाच असेल तर व्यास आधी मोजा. प्रचलित मापे ३ इंच, म्हणजे ७६.२ मि.मी., आणि सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मि.मी. दुसरे माप अमेरिकन पूलच्या चेंडूचेच असल्याने तो चेंडू तिथे सहसा चालून जातो.

रोलरच्या मधोमध काळा पट्टा दिसेल. तो हाताचा घाम, त्वचा आणि धूळ यांचा दाबून बसलेला थर. ब्लेडने खरवडू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा लावून रोलर बोटाने फिरवत राहा, थर आपोआप सुटतो. थर गेल्यावर नखाला खोबण लागत असेल तर रोलर झिजला आहे, आणि त्याला साफसफाईचा उपाय नाही.

आता प्रत्येक रोलरला बोटाने टिचकी द्या. चांगला रोलर आवाज न करता काही सेकंद फिरत राहतो आणि हलकेच थांबतो. लगेच थांबला, खरखरला किंवा दरवेळी एकाच जागी अडला तर बेअरिंगचे काम आहे. आधाराच्या रोलरलाही हीच टिचकी द्यायची. त्याला वायर नाही, चकती नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही. पण तो जाम झाला की गोळा दोन्ही अक्षांवर जड होतो आणि माणूस विनाकारण दोन एन्कोडर बोर्ड, म्हणजे सेन्सरच्या पट्ट्या, बदलून बसतो.

नवी बेअरिंग बसवूनही गोळा जड वाटतो, ही नेहमीची तक्रार. कारण सोपे आहे: बेअरिंग कारखान्यातून घट्ट ग्रीस भरून येते, मोटरच्या वेगासाठी आणि भारासाठी. इथे भार फक्त गोळ्याचा, तेवढ्याने ते ग्रीस ढकलले जात नाही. बेअरिंग मिनरल टर्पेंटाइनमध्ये अर्धा तास बुडवा, मध्ये मध्ये फिरवा, बाहेर काढून पूर्ण वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर. विकत घेताना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून घ्या, आणि रबरी सीलऐवजी पत्र्याच्या झाकणाची, म्हणजे झेडझेड खुणेची बेअरिंग निवडा. रबरी सील घासते आणि तेवढेही घर्षण इथे हाताला जाणवते. गंज सोडवणारा स्प्रे वंगण म्हणून मारू नका. तो उडून गेल्यावर उरतो तो धूळ धरणारा चिकटपणा.

सगळे साफ, तरी पॅनेलवर बसवल्यावरच गोळा अडतो? बोल्ट अर्धा फेरा सैल करून बघा. लाकूड सपाट नसले तर घट्ट आवळल्यावर प्लेट वाकते आणि गोळा कडीला घासू लागतो.

सेन्सर आणि वायरी

कर्सर एका अक्षावर मुळीच हलत नाही, किंवा जागच्या जागी एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे थरथरतो. ही दोन लक्षणे वेगळी आहेत. पहिल्यात दोन्ही सिग्नल गेलेले असू शकतात: प्लग निघाला, वायर तुटली, वीज नाही किंवा चकतीच शाफ्टवर सैल झाली. दुसऱ्यात दोनपैकी एकच सिग्नल जिवंत असतो. दुसरा स्थिर राहिल्याने इंटरफेस बोर्डाला, म्हणजे हे सिग्नल मोजून यूएसबीने संगणकाला देणाऱ्या बोर्डाला, दिशा कळत नाही, आणि तो एक पुढे, एक मागे असेच मोजत बसतो. हे थरथरणे ओळखता आले की अर्धे काम झाले.

दोन्ही अक्षांचे एन्कोडर बोर्ड सारखे आणि प्लगवाले असतील तर मल्टीमीटरच्याही आधी त्यांचे प्लग आपसात बदला. यूएसबी काढूनच. दोष प्लगबरोबर दुसऱ्या अक्षावर गेला, तर बिघाड एन्कोडर बोर्ड, चकती किंवा तिथपर्यंतच्या वायरीत. दोष जिथल्या तिथे राहिला, तर इंटरफेस बोर्ड किंवा त्याच्याकडे जाणारी वायर.

मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. ग्राउंड आणि ५ व्होल्टमध्ये ४.७५ ते ५.२५ मिळायला हवेत. कमी मिळाले तर यूएसबी हब बाजूला करून थेट संगणकाला जोडा, आणि गोळ्याखाली रंगीत दिवे लावले असतील तर त्यांना वेगळी वीज द्या. त्यानंतर काळी पिन ग्राउंडवर, लाल पिन एका सिग्नलवर, आणि चकती बोटाने अगदी हळू, एकेक खाच फिरवा. मीटर शून्याजवळून ४-५ व्होल्टकडे आणि परत उडी मारताना दिसला पाहिजे. झटकन फिरवलीत तर मीटर मधलाच आकडा दाखवेल आणि फसवेल. चारही सिग्नल असेच तपासा. एखाद्याच सिग्नलवर उडी नसेल तर तो सेन्सर मेला किंवा धुळीने झाकला. चौघांपैकी एकही वर जात नसेल आणि वीज मात्र ठीक असेल, तर आउटपुट ओपन कलेक्टर प्रकारचे, म्हणजे सिग्नल फक्त खाली ओढणारे, स्वतः वर न नेणारे, असण्याची शक्यता आहे. प्रत्येक सिग्नल आणि ५ व्होल्ट यांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा बघा.

इन्फ्रारेड एलईडी पेटतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसते: फिकट जांभळा ठिपका. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर समोरचा वापरा, त्यात फिल्टर बहुधा कमी कडक असतो. झाकण उघडे ठेवून चाचणी करताना वरून ऊन किंवा प्रखर दिवा येऊ देऊ नका. सेन्सरला तो प्रकाशही मोजता येतो, आणि चांगला बोर्ड खराब ठरतो.

चकती सेन्सरच्या खाचेच्या मधोमध फिरायला हवी. एका बाजूला घासली की कडेला चकचकीत रेघ उमटते. शाफ्ट धरून चकती हलकेच पिळून बघा. सैल चकती हळू चालीत ठीक चालते आणि झटक्यात मागे राहते, अगदी गोळा घसरल्यासारखी.

हवा कोरडी असताना गोळ्याला हात लावताच यूएसबी तुटत असेल तर ती स्थिर वीज आहे. धातूची प्लेट कॅबिनेटच्या अर्थिंगला जोडा. आणखी एक सावधगिरी: ५ व्होल्टचे सिग्नल रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ, म्हणजे बाहेरचे सिग्नल जोडायच्या, पिनांना थेट देऊ नका, त्या ३.३ व्होल्टच्याच आहेत.

शेवटी मेम

डेस्कटॉपवर कर्सर ठीक, पण खेळात काहीच नाही: मेमच्या आयएनआय, म्हणजे सेटिंग साठवलेल्या, फाइलमध्ये ‘माउस’ या शब्दापुढचा ० काढून १ करा.

दिशा उलटी असेल तर त्या अक्षाच्या दोन सिग्नल वायरी आपसात बदलल्या की ती सुलटी होते. एकाच खेळात उलटी असेल तर मात्र वायरी तशाच ठेवा. खेळ चालू असताना टॅब दाबून ॲनालॉग नियंत्रणांच्या पानावर ‘रिव्हर्स’ निवडा. त्याच पानावरचा ‘स्पीड’चा आकडा कळ किंवा जॉयस्टिकने खेळतानाच लागू पडतो, ट्रॅकबॉलसाठी बघायचा तो ‘सेन्सिटिव्हिटी’चा.

गोळा जोरात फिरवला की पात्र उलट दिशेने पळते, हा सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार. जुन्या काही खेळांत मोजणीचा काउंटर ४ बिटांचा असे, म्हणजे ० ते १५. दोन वाचनांमध्ये काउंटर ३ वरून १३ वर गेला, तर तो १० पावले पुढे गेला की ६ मागे, हे खेळाला कळत नाही. तो जवळचा अर्थ घेतो आणि मागे जातो. सेन्सिटिव्हिटी जितकी जास्त तितक्या लवकर ही वेळ येते. म्हणून ती दहा-दहा टक्क्यांनी उतरवा आणि पूर्ण जोराने फिरवूनही उलटी चाल थांबेपर्यंत थांबू नका. आकडा प्रत्येक खेळासाठी वेगळा जपला जातो, त्यामुळे १९८० च्या ‘मिसाइल कमांड’चा आकडा १९८१ च्या ‘सेंटिपीड’ला लावायची गरज नाही. सेन्सिटिव्हिटी बरीच उतरवूनही डेस्कटॉपवरसुद्धा जोरात उलटेच होत असेल, तर इंटरफेस बोर्डाला तेवढ्या वेगाचे सिग्नल मोजता येत नाहीत. तिथे बोर्डच बदलावा लागतो.

आणि सगळ्याच खेळांत चाल तिरपी जात असेल तर ट्रॅकबॉल पॅनेलवर फिरवून बसवला गेला आहे. चार स्क्रू काढा आणि सरळ बसवा. फक्त १९८४ च्या ‘मार्बल मॅडनेस’साठी तो तिरपा करू नका. मूळ कॅबिनेटमध्ये तो ४५ अंशांत बसवलेला असे, पण ते वळण मेम स्वतःच हिशेबात धरतो.