आरओ घ्यायच्या आधी नळाचं पाणी मोजा

पाणी शुद्ध करायचं मशीन घ्यायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती कंपनीची. खरं तर कंपनी सगळ्यात शेवटी ठरवायची. आपल्या नळाला पाणी येतं कुठून आणि त्यात आहे काय, हे आधी कळलं पाहिजे. भातसा-वैतरणेचं पाणी पिणाऱ्या मुंबईकराने आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात अकोल्याकडे बोअरचं पाणी पिणाऱ्याने एकच मशीन घेतलं, तर दोघांपैकी एकाचे पैसे नक्की वाया जातात.

मोजायचं कसं

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. ते मोजणारा टीडीएस मीटर २०० ते ४०० रुपयांत मिळतो. पेनाएवढा असतो. नळ दोन मिनिटं वाहू द्या, काचेचा ग्लास त्याच पाण्याने विसळून भरा, मीटर त्याच्या रेघेपर्यंत बुडवा, टोकाला चिकटलेले बुडबुडे जाण्यासाठी हलकेच हलवा आणि आकडा स्थिर झाला की वाचा. पडद्यावर बारीक 'गुणिले १०' दिसत असेल तर आकड्याला दहाने गुणायचं. हे न पाहिल्यामुळे १४०० चं पाणी १४० समजून बसलेले लोक कमी नाहीत.

एकदा मोजून भागत नाही. पालिकेचं पाणी येतं तेव्हा मोजा, टँकर येतो त्या दिवशी मोजा, आणि शक्य असेल तर एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यात मोजा. सोसायटीच्या टाकीत बोअर आणि पालिकेचं पाणी एकत्र होत असेल, तर सकाळचा आकडा ९० आणि संध्याकाळचा ४५० असंही होतं. मशीन ठरवताना यातला मोठा आकडा धरायचा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. घरासाठी हिशोब सोपा आहे. ३०० च्या आत आकडा असेल तर एरवी आरओची, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार काढणाऱ्या मशीनची, गरज नाही. ३०० ते ५०० मध्ये चव मचूळ लागते का, डाळ शिजायला वेळ लागतो का, यावर ठरवा. ५०० च्या वर आरओचा विचार करा, १००० च्या वर डोळे झाकून घ्या. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करावी, असे निर्देश सरकारला दिले होते. कारण उघड आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर सोडून देतो.

मीटर काय सांगत नाही

मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. टीडीएस ६० असलेल्या पाण्याने कावीळ होऊ शकते आणि ६०० असलेलं पाणी जंतूंच्या बाबतीत निर्धोक असू शकतं. फ्लोराईड, नायट्रेट, शिसं हेही त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून बोअर किंवा विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनी, विशेषतः यवतमाळ-चंद्रपूरसारख्या फ्लोराईडच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी, मीटरवर विसंबून राहू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी करून घ्यावी. दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायचा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणायची आणि नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायचा. अहवालात फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट ४५ च्या आत आहे ना, ते आधी बघा. यातलं एकही जास्त असेल तर टीडीएस कितीही कमी असो, आरओ लागतो. पाणी उकळून हे क्षार जात नाहीत. उलट वाफ गेल्यामुळे थोडे दाटच होतात.

दारात येणारा प्रयोग

विक्रेता दोन ग्लास मागतो, एकात तुमचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. विजेवर चालणारं एक दांड्यांचं यंत्र दोन्हीत बुडवतो. मिनिटभरात तुमचा ग्लास तपकिरी, हिरवट, काळपट होतो आणि त्याचा स्वच्छ राहतो. घरातल्यांचे चेहरे उतरतात. पण तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि यंत्राच्या लोखंडी दांड्या विरघळून त्यांचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून तिथे काही होत नाही. पडताळायचं असेल तर त्याच्याच स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि प्रयोग पुन्हा करायला सांगा. बहुधा त्याला पुढच्या घरी जायची घाई होते.

कोणतं मशीन

पालिकेचं पाणी आणि कमी टीडीएस असेल तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन पुरतं. त्याच्या आधी गाळ अडवणारा फिल्टर आणि कार्बन हवाच, कारण पाणी गढूळ असेल तर कणांच्या सावलीत जंतू वाचतात. वीज नसेल तर यूव्ही बंद. लोडशेडिंगच्या गावात यूएफ (जंतू गाळणाऱ्या बारीक छिद्रांच्या) पडद्याचं, वरच्या डब्यातून खालच्या डब्यात आपोआप उतरणारं, बिनविजेचं मशीन जास्त कामाचं. ते क्षार कमी करत नाही, पण जिवाणू अडवतं.

आरओ लागणारच असेल तर कॅबिनेटच्या रंगरूपापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, आतले फिल्टर आणि मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मापाचे आहेत का. काही कंपन्या मुद्दाम वेगळ्या आकाराचे काट्रिज किंवा चिप बसवतात, म्हणजे पुढची दहा वर्षं तुम्ही त्यांचेच गिऱ्हाईक. दोन, टीडीएस कंट्रोलर आहे का. हा बारीक स्क्रू मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणजे ३० चा आकडा ८० ते १५० वर येतो आणि पाणी फिकं लागत नाही. मात्र त्यापुढे यूव्ही किंवा यूएफ नसेल तर जंतूही याच वाटेने येतात. आणि फ्लोराईड-नायट्रेटसाठी आरओ घेतला असेल, तर हा स्क्रू पूर्ण बंदच ठेवायचा. नाहीतर जे काढायचं तेच परत ग्लासात.

तांबं, जस्त, अल्कलाईन वगैरे काट्रिजसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. तांब्याचा तांब्या घरात असतोच.

बसवताना

पाण्याची टाकी मशीनपासून जितके मीटर उंच, त्याच्या दहाव्या भागाइतका दाब, म्हणजे दहा मीटरला सुमारे एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला). वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर दाब ०.३ किलोच भरतो, आणि मशीन चालू-बंद होत राहतं. अशा घरात फिल्टरचा पहिला डबा लवकर बदलावा लागतो, कारण थोडं चोंदलं तरी पंपाला पाणी पुरत नाही. उलट उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर दाब तीन किलोच्या वर गेला तर पाइप सुटू शकतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून घ्या. मशीनच्या आधी स्वतंत्र कॉक हवाच. गावाला जाताना तोच बंद करायचा असतो.

नवीन मेम्ब्रेन बसवल्यावर मशीनच्या पहिल्या दोन टाक्या ओतून द्या. त्यावर साठवणुकीचं रसायन असतं.

त्याच दिवशी दाराच्या आतल्या बाजूला तीन नोंदी आणि तारीख लिहून ठेवा. आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, बाहेर येणाऱ्याचा टीडीएस (कंट्रोलर बंद करून), आणि दहा मिनिटांत शुद्ध पाणी व सोडलेलं पाणी किती जमा झालं. ७५ गॅलनची मेम्ब्रेन कागदावर दिवसाला सुमारे २८४ लिटर देते, म्हणजे दहा मिनिटांत दोन लिटरच्या आसपास. हिवाळ्यात पाणी थंड असतं तेव्हा पाव ते तिसरा हिस्सा कमी येतं. तो बिघाड नाही, पण डिसेंबरमध्ये 'मेम्ब्रेन गेली' असं सांगणारे भेटतात.

मेम्ब्रेन खरंच गेली का

आत येणारा आकडा ६०० आणि बाहेरचा ५० असेल तर ५५० अडवले, म्हणजे ९२ टक्के. हे चांगलं. ८० च्या खाली घसरलं की बदला. पण मोजताना कंट्रोलर बंद असला पाहिजे. तो उघडा ठेवून आकडा दाखवला की चांगली मेम्ब्रेनही खराब ठरते, आणि १००० ते २००० रुपयांचं बिल फाटतं. सौम्य पाण्यात मेम्ब्रेन दोन ते तीन वर्षं टिकते, जड बोअरवर वर्ष-दीड वर्ष.

मेम्ब्रेनचं आयुष्य तिच्या आधीच्या स्वस्त भागांवर आहे. बाहेरचा स्पन, म्हणजे गाळ अडवणारा फिल्टर ६० ते १०० रुपयांचा असतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी बदला, पावसाळ्यात महिन्यालाही. पांढरा स्पन तांबूस झाला की वेळ झाली. कार्बन सहा ते आठ महिन्यांनी बदलायचा. त्याचं काम क्लोरीन पकडणं. तो संपला की क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर जातो आणि ती कायमची खराब होते. टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास असलेल्या पालिकेच्या पाण्यात कार्बन लांबवून पैसे वाचवणं म्हणजे शंभराच्या बचतीपायी हजाराचा फटका.

यूव्हीची नळी निळी दिसते म्हणून काम करते असं नाही. तिची जंतू मारणारी ताकद दिसणाऱ्या उजेडाच्या आधी घटते. वर्षाला बदला, २०० ते ३०० रुपये लागतात.

बिघाड आणि त्यांचा माग

मशीन चालू, दिवा लागतो, पण टाकी भरत नाही: आधी स्पन काढून बघा. स्पन स्वच्छ असेल तर पंपाचा आवाज ऐका. पंप गप्प असेल तर बहुधा पॉवर अडॅप्टर गेला. २४ व्होल्टचा अडॅप्टर ४०० ते ६०० रुपयांत मिळतो, पंपाला १२०० च्या वर लागतात. म्हणून पंप बदलायला सांगितलं तर आधी अडॅप्टर बदलून बघायला लावा.

मशीन बंद असतानाही नाल्याच्या पाइपमधून पाणी ठिबकतं: सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) नीट मिटत नाही. सुमारे २५० रुपये. टाकी भरूनही मशीन थांबत नाही तेव्हा फ्लोट अडकलेला असतो. तो साफ करूनही काम होतं.

सोडलेलं पाणी अचानक कमी झालं, तर आनंद मानू नका. फ्लो रिस्ट्रिक्टर (सोडलेल्या पाण्याची धार ठरवणारा तुकडा) चोंदला आहे, आणि क्षार आता मेम्ब्रेनवरच थापले जातायत. ५० रुपयांचा तुकडा आहे, त्याच आठवड्यात बदला. 'पाणी वाचवून देतो' म्हणत लहान रिस्ट्रिक्टर बसवणाऱ्याचंही शेवटी तेच होतं.

जोडातून गळती: पाइप तिरका कापलेला असतो. धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि जोडात पुरता आत ढकला. टेप गुंडाळून गळती थांबत नाही.

पाण्याला कुबट वास: टाकी बुळबुळीत झाली आहे. कार्बनमधून गेल्यावर पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून साठवलेल्या पाण्यात पुन्हा जंतू वाढू शकतात. दर तीन महिन्यांनी टाकी रिकामी करून मऊ कापडाने धुवा, नळाचं तोंडही.

वार्षिक करार तीन ते सहा हजारांचा असतो. वर सांगितलेले सगळे भाग सुटे आणून चांगल्या स्थानिक कारागिराकडून बसवले तर बहुतेक वर्षी याच्या निम्म्यात काम होतं. कराराचं खरं मोल मेम्ब्रेन आणि पंप त्यात धरलेले असतील तरच. ते 'उपभोग्य भाग' म्हणून वगळलेले असतील तर तुम्ही फक्त येण्याजाण्याचे पैसे देताय. बदललेला जुना भाग नेहमी मागून घ्या.

सोडलेल्या पाण्याची लोकांना उगाच भीती वाटते. ६०० चं पाणी आत गेलं आणि एकास तीन प्रमाणात बाहेर आलं, तर ते सुमारे ७८० चं असतं. फरशी, संडास, भांड्यांचं पहिलं पाणी यासाठी ते खुशाल वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साठतात. बोअर आधीच १५०० चं असेल तर फक्त संडासाला.

आठवड्याहून जास्त दिवस गावाला जाणार असाल तर कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, पण मेम्ब्रेन काढून वाळवू नका. परत आल्यावर पहिली टाकी भरून ओतून द्या, मगच प्या.