हिमालयातील बर्फासाठी गिरणेच्या वाळूत तयारी

जळगाव-धुळ्याकडील हौशी ट्रेकर डिसेंबर-जानेवारीत भुसावळहून दिल्लीची गाडी धरतात आणि उत्तराखंड किंवा हिमाचलच्या बर्फात जातात. तयारी मात्र बहुधा जाकीट आणि बुटांपाशीच संपते. हिमस्खलनाची निम्मी तयारी घराजवळच करता येते.

प्रथम उतार ओळखण्यास शिकावे. बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. सातपुड्यात फिरताना उताराचा कोन आधी नजरेने ठरवावा आणि मग मोबाइलमधील कोनमापकाने पडताळावा. नजर किती फसते ते तेथे कळते. वर असा उतार असेल, तर खालची सपाट जागाही सुरक्षित नसते. 28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे रस्त्याच्या कामावरील मजुरांची छावणीच हिमस्खलनात सापडली होती.

ज्वारीच्या ढिगावरील ताडपत्री जशी अख्खी खाली सरकते, तसा वाऱ्याने घट्ट झालेला वरचा थर खालच्या साखरेसारख्या दाणेदार, एकमेकांना न धरणाऱ्या बर्फावरून निसटतो. आणि त्याला धक्का बहुधा सापडणाऱ्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच पावलांचा असतो. नुकताच झालेला जोराचा हिमवर्षाव, वारा, अचानक वाढलेली ऊब ही धोक्याची चिन्हे होत. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होऊन बर्फ बसला किंवा भेगा धावल्या, तर मागे फिरावे, मग पैसे कितीही भरलेले असोत. संशयास्पद उतार टाळता येत नसेल, तर एकेकाने ओलांडावा आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून संकेत सोडणारे आणि पकडणारे छोटे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपण्याची लांब काठी) आणि फावडे असावे. ते मिळणार का, हे आयोजकांना आधीच विचारावे. गाडलेला माणूस जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे मदत आणायला धावण्यापेक्षा सोबत्यांनी तत्काळ शोध घेणे महत्त्वाचे असते. याचा सराव गिरणेच्या कोरड्या पात्रात करावा: सुरू केलेला ट्रान्सीव्हर पिशवीत घालून वाळूत पुरावा, शोधणाऱ्या यंत्रापासून मोबाइल किमान अर्धा मीटर दूर ठेवावा आणि घड्याळ लावून शोधावे. प्रोब उताराला काटकोनात खुपसावा. तो लागला की तसाच रोवून ठेवावा आणि थेट वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरत खणावे.